स्वच्छ विजेचा हिशेब आणि अनुकंपेची नोंद

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटा हे एक लहानसे स्थानक आहे. मोजक्याच गाड्या येथे थांबतात, फलाटावर गर्दी अशी क्वचितच असते. तरीही या स्थानकाची ओळख दूरवर पोहोचली आहे. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटातील अखेरचा प्रसंग येथे चित्रित झाला. धावत्या गाडीच्या दारातून पुढे आलेला हात आणि फलाटावरून त्या हाताकडे धावणारी कन्या हे दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी कित्येकांना आपटा हे गाव रायगड जिल्ह्यात आहे हेही ठाऊक नसेल. पण ज्यांना ते कळते, ते येथे उतरून फलाट डोळे भरून पाहतात. एका कलाकृतीने एका सामान्य स्थानकाला लोकांच्या मनात कायमची जागा मिळवून दिली.

याच आपटा गावाजवळून पाताळगंगा नदी वाहते. तिच्या पाण्यामागेही एक मोठी कथा आहे. ती मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पावसाचे पाणी अडवलेले आहे. नैसर्गिक उतारानुसार ते पाणी पूर्वेकडे, इंद्रायणीवाटे भीमेच्या खोऱ्यात गेले असते. गेली शंभराहून अधिक वर्षे ते पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरवले जाते, तेथील यंत्रांची चक्रे फिरवते, वीज निर्माण करते आणि मग पाताळगंगेला मिळते. भर उन्हाळ्यातही ही नदी वाहती राहते, ती या पाण्यामुळे. तिच्या काठचे रसायनीचे कारखाने, पाणीयोजना आणि गावे या पाण्यावर अवलंबून आहेत. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुराऐवजी पाण्याची वीज मिळावी हे जमशेटजी टाटांचे स्वप्न होते. ते १९०४ साली निवर्तले. १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले, १९२२ साली भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे.

आज हवामानबदलाच्या काळात ज्याला आपण स्वच्छ तंत्रज्ञान म्हणतो, त्याची महाराष्ट्रातील ही पहिली मोठी पावले होत. येथे धूर नाही, राख नाही, कोळशाची खाण नाही. आणि तरीही याच मालिकेतील तिसऱ्या केंद्रासाठी, म्हणजे भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशीच्या धरणासाठी, जे घडले ते प्रत्येक व्यापारी कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे. आज सौरऊर्जा, पवनऊर्जा, विजेवर चालणारी वाहने यांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे भांडवल गुंतू लागले आहे. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा तो प्रश्न पुन्हा आपल्या उंबरठ्यावर आला आहे.

मुळशीचे दोन हिशेब

मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात, मुळशी पेट्यात, धरण बांधण्याचे ठरले तेव्हा सुमारे पन्नास गावे त्यात बाधित होणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने कंपनीसाठी जमिनी ताब्यात घेण्याचे ठरवले. शेतकऱ्यांना पुरेशी पूर्वकल्पना न देता आखणी आणि खोदाईची कामे सुरू झाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे नेते होते आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्यातून मिळाली. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. मावळातील स्त्रियाही मोठ्या धैर्याने पुढे आल्या. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती.

वीजकंपनीचा हिशेब खोटा नव्हता. मुंबईला विजेची गरज होती. कोळसा लांबून आणावा लागे, त्याचा धूर कामगारांच्या वस्तीवर पसरे. पाण्याची वीज स्वस्त आणि निर्मळ होती. त्या विजेतून उद्योग वाढणार होते, हजारो हातांना काम मिळणार होते. सार्वजनिक हित म्हणून जे जे सांगितले जात होते, त्यात तथ्य होते.

मावळ्यांचा हिशेबही खोटा नव्हता. भाताची खाचरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने उतारावर रचलेली होती. ग्रामदैवत, पूर्वजांची थडगी, लेकीबाळींची माहेरे, पावसाळ्यात ओढा कोठे चढतो आणि कोठे उतरतो याचे ज्ञान, हे सारे त्या भूमीशी बांधलेले होते. त्याचा दर एकरी काढता येत नव्हता. मोबदल्याच्या कागदावर या कशासाठीही रकाना नव्हता.

या दोन हिशेबांच्या मधे एक तिसरा पक्ष होता आणि व्यापारी वाचकांनी त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे. खोऱ्यातील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या मालकीच्या किंवा त्यांच्याकडे गहाण होत्या. आरंभी तेही चळवळीबरोबर होते. मात्र त्यांच्या दृष्टीने जमीन हे तारण होते. तारणाची योग्य किंमत हाती येत असेल तर तक्रारीला जागा उरत नाही. मावळ्यांसाठी जमीन हे जीवन होते. पुढे लढ्यात ‘चांगला मोबदला मिळवू’ आणि ‘जमीन सोडणार नाही’ असे दोन प्रवाह झाले आणि चळवळीची शक्ती क्षीण होत गेली. प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो सविस्तर अभ्यास केला, त्यातून हितसंबंधांची ही गुंतागुंत स्पष्ट होते. १९२४ पर्यंत सत्याग्रह ओसरला. सेनापती बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झाले. मावळे विखुरले.

गांधीजींनी १९२१ मध्येच ‘यंग इंडिया’तून टाटांना आवाहन केले होते, की केवळ कायद्याने मिळालेल्या हक्कावर उभे न राहता त्यांनी प्रत्यक्ष लोकांशी बोलून मार्ग काढावा. त्या आवाहनाचा रोख असा, की कायदेशीर असणे आणि न्याय्य असणे यांत अंतर असू शकते आणि ते अंतर समोरच्या माणसाचे ऐकल्याशिवाय कळत नाही.

भावना हा अडथळा की साक्षीदार?

व्यवहारात भावनेला स्थान नसावे, असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. पेढीवर बसलेला माणूस हळवा झाला तर उधारी बुडते, हा अनुभवाचा बोल आहे. मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीतही तज्ज्ञ हेच म्हणतात. वीज किती युनिट, खर्च किती कोटी, कर्बउत्सर्जनात घट किती टन, एवढे आकडे मांडले की निर्णय झाला. गावकरी रडतात, संतापतात, घाबरतात, ते अज्ञानामुळे, अशी समजूत असते. मग त्यांच्यासाठी माहितीपत्रके छापली जातात.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविज्ञान विद्यापीठात नीतिशास्त्राच्या प्राध्यापिका असलेल्या साबिने रोझर यांनी या समजुतीला गंभीर आव्हान दिले आहे. तंत्रज्ञानाचे धोके आणि नैतिक भावना या विषयावरील त्यांचा ग्रंथ २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या विवेचनाचा सारांश असा, की सहानुभूती, अन्यायाची चीड, जबाबदारीची जाणीव, अपराधी वाटणे या भावना विवेकाच्या शत्रू नसतात. आकड्यांना जे दिसत नाही ते त्या दाखवतात. एखाद्या प्रकल्पाचा लाभ कोणाला आणि भार कोणाला, भार उचलणाऱ्याची संमती घेतली होती का, झालेले नुकसान कधी भरून येईल का, हे प्रश्न प्रथम भावनेच्या रूपाने मनात उमटतात. त्यांना शब्द आणि तर्क नंतर मिळतात. आणि दूरच्या, अनोळखी किंवा अद्याप जन्मालाही न आलेल्या जीवांविषयी अशी जाणीव जागवण्याचे काम कला करू शकते, असेही त्या मांडतात.

जैन वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. सम्यक्त्वाच्या लक्षणांमध्ये अनुकंपेची गणना होते. दुसऱ्याच्या दुःखाने आपले अंतःकरण हलणे, हे येथे दृष्टी निर्मळ असल्याचे चिन्ह मानले आहे. ज्याला काहीच हलवत नाही त्याची दृष्टी अधिक स्वच्छ आहे, असे आपल्या परंपरेने कधीही म्हटलेले नाही.

तथापि भावना म्हटली की ती योग्यच, असेही नाही. मोह ही भावना आहे, लोभ ही भावना आहे, भय आणि अहंकार याही भावनाच आहेत. ‘आमच्या गावात नको, शेजारच्या गावात चालेल’ हा आग्रहही भावनेतूनच येतो. म्हणून भावनेची पारख करण्याचे साधन हवे. ते साधन आपल्या पूर्वजांनी एका चित्राच्या रूपाने देऊन ठेवले आहे.

सहा माणसे आणि एक जांभूळ

अनेक जिनमंदिरांत, उपाश्रयांत आणि पाठशाळांत लेश्यावृक्षाचे चित्र आढळते. फळांनी लगडलेले जांभळाचे झाड आहे आणि त्याच्याभोवती सहा भुकेले प्रवासी आहेत. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मूळ राहू द्या, खोड तोडले तरी पुरे. तिसरा मोठ्या फांद्या तोडू पाहतो, चौथा लहान डहाळ्या. पाचवा केवळ फळे खुडतो. सहावा खाली पडलेली पिकली फळे वेचून भूक भागवतो. कृष्ण, नील, कापोत, तेजो अर्थात पीत, पद्म आणि शुक्ल या सहा लेश्यांचे हे रूपक श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांत सारख्याच आदराने सांगितले जाते.

या चित्राकडे आजच्या प्रश्नाच्या संदर्भात पाहिले तर तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, सहाही जणांची भूक खरी आहे. चित्रकाराने भूक निंदनीय ठरवलेली नाही. मुंबईची विजेची गरज जशी खरी होती, तशीच आजची आपली गरजही खरी आहे. दुसरी, सहाही जणांना फळ मिळणारच आहे. म्हणजे ‘असे केल्याशिवाय गरज भागणार नाही’ हा पहिल्याचा दावा टिकत नाही. तिसरी आणि महत्त्वाची, कुऱ्हाड उगारणारा पहिला माणूस भावनाशून्य नाही. त्याच्या अंतःकरणातही भाव आहे आणि तो काळा आहे. व्यवहार भावनेविना चालतो असे ज्याला वाटते, त्याने आपल्या भावाचा रंग कधी तपासलेला नसतो, एवढेच.

हे चित्र शास्त्रातील विवेचनाचे अलंकरण म्हणून काढले गेले असेल, पण त्याचा परिणाम विवेचनाहून अधिक खोल होतो. सात वर्षांच्या बालकाला लेश्येची व्याख्या सांगितली तर ते विसरेल. चित्र दाखवले तर ते विचारते, ‘पहिला काका असे का करतो?’ त्या प्रश्नातच नीतिविचाराला आरंभ होतो. कलेचे सामर्थ्य हेच आहे, की ती आपल्याला झाडाखाली उभे करते आणि आपण सहांपैकी कोण, हे विचारायला लावते.

पंधरा कर्मादाने आणि आजची पेढी

व्यापाराच्या नीतीचा विचार आपल्याकडे किती बारकाईने झाला होता, हे पंधरा कर्मादानांच्या यादीवरून कळते. श्रावकाने टाळावयाच्या या व्यवसायांत अंगारकर्म आहे, म्हणजे अग्नी आणि कोळशावर चालणारे धंदे. वनकर्म आहे, म्हणजे जंगलतोडीवरील उपजीविका. स्फोटकर्म आहे, म्हणजे जमीन फोडणे व खोदणे. दवदान आहे, म्हणजे वणवे लावणे. आणि सरोवर व तलाव यांचे शोषण, म्हणजे जलाशय कोरडे करणे, हेही आहे. कोळसा, जंगल, खाण, आग आणि पाणी या पाचही गोष्टी आज हवामानबदलाच्या चर्चेत केंद्रस्थानी आहेत.

या दृष्टीने पाहता सौर किंवा जलविद्युत हा अंगारकर्मातून बाहेर पडण्याचा मार्ग आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु एका कर्मादानातून सुटताना आपण दुसऱ्यात तर शिरत नाही ना, हे पाहणे अगत्याचे आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या अनेक प्रकारच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट लागतो आणि जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतील खाणींतून येतो. सौरपट्ट्यांचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे, त्यानंतर त्यांचा कचरा होतो. भारत सरकारने २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौरपट्ट्यांचा समावेश केला, तो याच कारणाने. अहिंसेच्या दृष्टीने एखादी वस्तू ‘हरित’ आहे एवढे पुरेसे नाही. तिच्या मागे आणि पुढे काय आहे, याचीही विचारणा करावी लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण माळढोक पक्ष्याचे आहे. एकेकाळी सोलापूरजवळ नान्नजच्या गवताळ माळावर दिसणारा हा भारदस्त पक्षी आज तेथे दुर्मीळ झाला आहे. त्याचे मुख्य आश्रयस्थान आता राजस्थान. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि देह जड असल्याने ऐनवेळी वळताही येत नाही. त्यामुळे विजेच्या उंच तारांवर आपटून तो मरतो. सौर व पवन प्रकल्प नेमके त्याच मोकळ्या माळांवर उभे राहत आहेत. ज्येष्ठ वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी विस्तीर्ण प्रदेशातील तारा शक्य तेथे भूमिगत करण्याचा आदेश दिला. सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरांवर त्याचा परिणाम होणार होता. पुढे २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो आदेश बदलला, तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क राज्यघटनेच्या कक्षेत येतो असे म्हटले. एका बाजूला एक मुका पक्षी, दुसऱ्या बाजूला तापत चाललेली पृथ्वी. दोन्ही बाजूंना जीवदया आहे. अनेकांताचा अभ्यास असलेल्या समाजाला यातील अवघडपणा अधिक चांगला कळावा.

सह्याद्रीत पुन्हा तेच पाणी

हा प्रश्न दूरच्या वाळवंटाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. सौरवीज दिवसा मिळते, मागणी मात्र संध्याकाळी वाढते. म्हणून दिवसाच्या जादा विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून पुन्हा वीज घ्यायची, अशी उदंचन जलविद्युत पद्धती आता सर्वत्र पुढे येत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि टाटा पॉवर यांच्यात अशा दोन प्रकल्पांसाठी सामंजस्य करार झाला. पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे १,८०० मेगावॉट आणि रायगड जिल्ह्यात भिवपुरी येथे १,००० मेगावॉट, अंदाजित गुंतवणूक १३ हजार कोटी रुपये. शंभर वर्षांपूर्वी जी धरणे कोळशाला पर्याय म्हणून बांधली, तेच डोंगर आणि तेच जलाशय आज सौरऊर्जेचे साठवणघर होऊ पाहत आहेत.

बदल एका बाबतीत निश्चितच झाला आहे. १८९४ च्या कायद्याची जागा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेतली आणि त्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन सक्तीचे झाले, काही अपवाद आणि राज्यांनी केलेल्या सवलती वगळता. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी होते. मुळशीच्या मावळ्याला जे व्यासपीठ नव्हते ते आज कागदावर तरी आहे.

परंतु लहान प्रकल्पांचे काय? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर आहे. दोन हेक्टर पडीक जमीन असलेल्या कुटुंबाला पहिल्याच वर्षी अडीच लाख रुपये मिळतात. पाऊस पडो वा न पडो, भाडे ठरलेले. बँकेच्या दृष्टीने याहून सुरक्षित उत्पन्न क्वचितच सापडेल. सौरपट्ट्यांच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीची पूर्वअटही नाही. येथे जनसुनावणी नाही, मूल्यांकन नाही. जमीनमालकाची सही आणि त्याची सदसद्विवेकबुद्धी, इतकेच.

आणि ती ‘पडीक’ जमीन खरोखर रिकामी असते काय? त्या माळावर धनगराची मेंढरे चरतात. भूमिहीन कुटुंबाची एखादी गाय तेथेच पोट भरते. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते. कातकऱ्यांना तेथून रानभाजी मिळते. यांपैकी कोणाचेही नाव सातबाऱ्यावर नसते. ज्याचे नाव कागदावर नाही त्याचे हित हिशेबात येत नाही. मुळशीच्या वेळी गहाणखत हाती असलेल्या सावकाराला मावळ्याचे जे दिसले नाही, तेच आज भाडेकरार हाती असलेल्या आपल्याला धनगराचे दिसणार नाही, अशी भीती आहे. पांजरपोळ चालवणाऱ्या समाजाने गायरानावर कुंपण पडताना गाय कोठे जाईल, हे विचारले नाही तर ते कोण विचारणार?

कलेचे काम

न दिसणाऱ्याला दृष्टीसमोर आणणे, हे कलेचे काम आहे. डेन्मार्क व आइसलँडशी नाते असलेले कलावंत ओलाफुर एलियासन यांनी ग्रीनलँडच्या समुद्रातून वाहून चाललेले हिमखंड उचलून आणले आणि शहराच्या चौकात वर्तुळाकार, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे, मांडले. २०१४ साली कोपनहेगन, २०१५ साली हवामान परिषदेच्या वेळी पॅरिस, २०१८ साली लंडन. लोकांनी त्या बर्फाला हात लावला, कान लावला. वितळणाऱ्या हिमनगांचे आकडे अनेक वर्षे छापून येत होते. हाताखाली थेंब थेंब ओघळणारा बर्फ मात्र बहुतेकांनी प्रथमच अनुभवला. अर्थात ते हिमखंड इतक्या दूर वाहून नेण्यात इंधन जाळले गेलेच. त्यावर टीकाही झाली. कलाही कर्मबंधातून सुटत नाही, हे त्यावरून कळते.

मराठीत याहून जवळचे उदाहरण आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी धरणग्रस्तांच्या विस्थापनावर आहे. तिला १९९२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक स्वतः शासकीय सेवेतील अधिकारी. म्हणजे पुनर्वसनाच्या कागदांची भाषा त्यांना अवगत होती. तरीही सांगायचे ते त्यांनी कादंबरीतून सांगितले. फाइलमध्ये ‘खातेदार’ असतो, कादंबरीत माणूस असतो. त्याला म्हातारी आई असते, विकलेली बैलजोडी असते, नव्या गावठाणात न लागणारी झोप असते. अशी कादंबरी वाचलेला अधिकारी, अभियंता किंवा गुंतवणूकदार पुढच्या वेळी खातेदारांची यादी पाहील तेव्हा त्याची नजर क्षणभर थांबेल. त्या थांबण्याला किंमत आहे, कारण चुकीचे निर्णय बहुधा न थांबता घेतलेले असतात.

सेनापती बापट स्वतः कवी होते, हा योगायोग मानू नये. ज्या लढ्याकडे पैसा नव्हता, कायदा नव्हता आणि सत्ता नव्हती, त्याने शब्दांचा आधार घेतला. लढा हरला, पण त्याची आठवण उरली, म्हणून पुढच्या पिढ्यांतील धरणग्रस्तांच्या चळवळींना आपल्या मागे कोणी तरी उभे होते हे ठाऊक होते.

घरातील निर्णयाच्या वेळी

मोठे प्रकल्प शासन आणि कंपन्या ठरवतील. परंतु छतावरील सौरसंच, भाड्याने द्यावयाची जमीन, एखाद्या हरित कंपनीचे समभाग, दुकानात ठेवावयाची विजेवरील वाहने यांचे निर्णय घराघरांतून होत असतात. आपल्या पेढ्यांवर रोजमेळ लिहिण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच शिस्तीने अशा प्रत्येक व्यवहाराच्या वेळी आणखी एक पान लिहावे. त्यावर रुपये नसतील. या व्यवहाराचा भार कोण उचलतो? त्याच्याशी आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष बोलले आहे काय? तो माणूस किंवा तो जीव बोलू शकत नसेल तर त्याच्या वतीने कोणी बोलले आहे काय? हेच फळ याहून कमी फांद्या तोडून मिळेल काय? चार प्रश्न, चार ओळींची उत्तरे.

बहुतेक वेळा उत्तर अनुकूलच येईल. घराच्या छतावरील सौरसंचाने कोणाचे चराऊ रान जात नाही. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदानही मिळते. खाली पडलेले फळ वेचण्याच्या अगदी जवळ जाणारा हा व्यवहार आहे. गायरानाचा करार मात्र त्या पानावर अडखळेल. अडखळला तर तो सोडूनच द्यावा असे नाही. पट्ट्या उंचावर बसवून खाली चराई चालू ठेवता येते, पायवाट मोकळी ठेवता येते, विणीच्या हंगामात काम थांबवता येते, भाड्यातील काही वाटा गावाच्या चाऱ्यासाठी देता येतो. भावना येथे व्यवहार मोडत नाही, तो सुधारते.

प्रतिक्रमणात आपण चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागतो. ज्यांना कधी पाहिले नाही, ज्यांची नावेही ठाऊक नाहीत, त्यांच्यापुढे नम्र होण्याचा हा अभ्यास आहे. हवामानबदलाच्या काळात ज्यांचे नुकसान होणार आहे ते बहुतांशी असेच अनोळखी आहेत. काही दूर राहतात, काही अजून जन्मलेले नाहीत. या अभ्यासात मुरलेल्या समाजाला त्यांच्यासाठी हृदयात जागा करणे कठीण जाऊ नये.

आपटा हे एका झाडाचेही नाव आहे. दसऱ्याला त्याचे जोडपान ‘सोने’ म्हणून परस्परांच्या हाती दिले जाते. कोणतीही बँक ते तारण म्हणून स्वीकारणार नाही, कोणताही सराफ त्याचा भाव सांगणार नाही. तरीही ते देताना आणि घेताना कोणी त्याला खोटे म्हणत नाही. अलीकडे मात्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात आपट्याच्या फांद्याच्या फांद्या भारे बांधून येतात आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला त्यांचा ढीग पडतो. त्या सणाला मुलांना सोबत घेऊन निघावे, एका झाडाचे एक पान घ्यावे आणि घरी आल्यावर त्यांना जांभळाच्या झाडाखालील सहा माणसांचे चित्र दाखवावे.